मांडी घालता येईल ना?

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं की आमच्याकडचा माणूस सगळ्यात आधी काय विचारतो, हे मला आता पाठ झालं आहे. चालता येईल का, असं क्वचितच कुणी विचारतं. चालायला येणारच, हे त्यानं धरलेलं असतं. खर्चाचं तो बाहेर नातेवाइकांशी बोलतो. माझ्यासमोर मात्र जरा चाचरत एकच प्रश्न येतो, "मॅडम, मांडी घालता येईल न्हवं?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मिरज-सांगली पट्ट्यात काम करते. ऑपरेशन करणारे हात माझे नव्हेत. टाके निघायच्या आधीपासून पुढचे कित्येक महिने त्या गुडघ्यासोबत राहणं, हे माझं काम. या भागात जमिनीवर बसणं ही नुसती सवय नाही, ते पोट आहे. मिरजेत सतार-तंबोरे घडवणारे कारागीर दिवस दिवस जमिनीवर बसून भोपळा मांडीशी घेऊन काम करतात. हळदीत, भाजीपाल्यात राबणाऱ्या बाया उकिडव्या बसून खुरपतात. देवळातली पंगत, मशिदीतला नमाज, भजनाची बैठक, घरातली पूजा, सगळ्यांना पूर्ण दुमडणारा गुडघा लागतो. सपाट रस्त्यावर चालायला गुडघा ६०-७० अंश वाकला तरी भागतं. मांडी घालायला किंवा उकिडवं बसायला १३० अंशांच्या आसपास आणि त्याही पुढे जावं लागतं. मधल्या या साठेक अंशांत आमच्या लोकांचं अर्धं आयुष्य आहे.

वाटीच्या, म्हणजे गुडघ्याच्या पुढच्या गोल हाडाच्या, दुखण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली आहे. फिनलंडचे डॉक्टर कुयाला यांच्या नावानं ती ओळखली जाते, १९९३ सालची. तेरा प्रश्न, शंभर गुण. जिना, धावणं, उडी, उकिडवं बसणं, गुडघे दुमडून बराच वेळ बसणं, हे सगळं तिच्यात आहे. चांगली प्रश्नावली आहे, मी ती वापरते. मांडीचा प्रश्न तिच्यात नाही. तो मी कागदाच्या तळाला पेनानं लिहिते. शंभरापैकी नव्वदच्या वर गुण मिळालेला माणूस पंगतीत खुर्ची मागत असेल, तर माझ्या लेखी त्या ऑपरेशनचं काम अजून पुरं झालेलं नाही. गुडघा बरा झाला की नाही हे ज्याचा गुडघा त्याच्या जगण्यावरून ठरवायचं, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. पण ते सांगण्याआधी वाटी म्हणजे काय चीज आहे, हे नीट बघायला हवं.

वाटी स्नायूच्या पट्ट्यात रुतलेली आहे, आणि अशा रुतलेल्या हाडांमध्ये ती शरीरातली सर्वांत मोठी. बाळ जन्मतं तेव्हा ती कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक असते. तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान तिच्यात हाड भरायला लागतं. मांडीचा पुढचा चौपदरी स्नायू खाली येऊन वाटीला धरतो आणि वाटीच्या खालून निघालेला जाड पट्टा नडगीच्या उंचवट्याला जाऊन चिकटतो. हा सगळा ओढा सांध्यापासून जरा पुढे उचलून धरायचं काम वाटी करते. त्यामुळे स्नायूनं तेवढीच ताकद लावली तरी पाय अधिक जोरानं सरळ होतो. या कामाची किंमत ती मोजते. सपाटीला चालताना वाटीच्या मागच्या बाजूवर शरीराच्या वजनाच्या निम्म्याइतका दाब येतो. जिना चढता-उतरताना तो वजनाच्या तिपटीच्या वर जातो, आणि उकिडवं बसताना सात पटींच्याही पुढे. म्हणून तर वाटीच्या पाठीवरची कूर्चा शरीरातल्या कुठल्याही सांध्यातल्या कूर्चेपेक्षा जाड आहे. खो-खोतल्या पोरी आठवा. पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी चौकटीत उकिडव्या बसलेल्या असतात आणि पाठीवर 'खो' पडला की त्याच क्षणी उसळून पळतात. त्यांच्या वाट्या सरावाच्या प्रत्येक संध्याकाळी किती सोसत असतील!

अशा या हाडाला एकेकाळी डॉक्टरांनीच बिनकामाचं ठरवलं होतं. १९३७ मध्ये ब्रूक नावाच्या ब्रिटिश सर्जननी मांडलं, की वाटी फुटली तर जोडत बसू नये, सरळ काढून टाकावी, पाय त्यानं कमजोर होत नाही. त्यानंतर कित्येक वर्षं वाट्या काढल्या गेल्या. पुढे मोजमापं झाली आणि वाटी नसलेल्या पायाला गुडघा पूर्ण सरळ करायला जवळपास ३० टक्के जास्त जोर लावावा लागतो, हे कळलं. आत्ताच्या पुस्तकांत वाटी काढणं हा अगदी शेवटचा उपाय आहे. गादीचं, म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये असलेल्या चंद्रकोरीसारख्या कूर्चेचं, तेच झालं. फाटली की अख्खी काढायची, असा रिवाज होता. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे नीट पाहून दाखवलं, की त्या गुडघ्यांत बदल दिसतात. सांध्यातली जागा कमी होते, हाडाच्या कडा वाढतात. तरीही गादी शक्य तितकी वाचवायची, शिवता आली तर शिवायची, हे रुजायला आणखी कितीतरी वर्षं गेली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना मला वारंवार हेच दिसतं: आधी काढून टाकायची घाई, मग पस्तावा, मग जपायची कला. कुणी "ते काढून टाकलं की झालं" असं म्हणालं, की म्हणूनच मी सावध होते.

जोडण्याची कलाही जुनी आहे. १८७७ च्या ऑक्टोबरात लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये जोसेफ लिस्टर यांनी फुटलेल्या वाटीचे दोन तुकडे चांदीच्या तारेनं जोडले. बंद सांधा आपण होऊन उघडणं म्हणजे त्या काळात पू होण्याला आणि पाय, कदाचित जीवच, जाण्याला आमंत्रण होतं. जंतुनाशकावर त्यांचा विश्वास होता म्हणून त्यांनी ते धाडस केलं. आजही आडवी फुटलेली वाटी तारेनंच जोडतात, चांदीच्या नव्हे, स्टीलच्या. दोन सरळ सळ्या उभ्या घालायच्या आणि त्यांच्याभोवती पुढच्या बाजूनं आठाच्या आकड्यासारखी तार ओढून बांधायची. यातली अक्कल अशी, की गुडघा वाकताना जो ओढा तुकड्यांना एकमेकांपासून फाकवतो, तोच ओढा पुढच्या तारेमुळे मागच्या, सांध्याकडच्या बाजूला तुकडे एकमेकांवर दाबतो. म्हणजे रोग्यानं पाय हलवणं हे जोडाच्या विरोधात नाही, जोडाच्या बाजूचं आहे. मला हा भाग फार आवडतो. पाय प्लास्टरात घालून महिनोन्‌महिने ठेवायची गरज त्यामुळे उरत नाही.

दुचाकीवरून पडून वाटी फुटलेली माणसं आमच्याकडे बरीच येतात. ओळखायची एक साधी खूण आहे: उताणं झोपवून पाय सरळ ठेवून टाच उचलायला सांगायची. उचलता आलीच नाही, तर वाटी, तिच्या वरचा पट्टा किंवा खालचा पट्टा, यांतलं काहीतरी तुटलेलं असण्याची दाट शक्यता. तंबोरे बनवणारे एक काका असेच आले होते. वाटीचे दोन तुकडे, तारेनं छान बसवलेले. हाड दोन-तीन महिन्यांत जुळलं, एक्स-रे स्वच्छ. पण गुडघा नव्वद अंशांवर येऊन थांबला. खुर्चीत बसायला नव्वद अंश पुरतात, त्यामुळे घरच्यांना वाटलं, झालं बरं. काकांना काही ते पटेना. स्टुलावर बसून भोपळा धरता येत नाही, कोरीव काम करता येत नाही, हात स्थिर राहत नाही, असं ते सांगत. त्या शेवटच्या चाळीस अंशांसाठी आम्ही हाड जुळायला लागलं त्याच्या कितीतरी पट वेळ घेतला. वाटीला बोटांनी चारी बाजूंना सरकवणं, टाच चादरीवरून ओढणं, पालथं झोपून पट्ट्यानं घोटा खेचणं, मग भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसणं. शेवटी मांडी आली, पण कातडीखाली तारेचं टोक टोचत राहिलं. गुडघे टेकून बसणाऱ्या माणसाला ती तार सहन होत नाही. हाड पक्कं झाल्यावर ती काढावी लागली. असं बऱ्याच जणांचं होतं आणि त्यात कुणाची चूक नसते. वाटीवर कातडी एवढी पातळ असते की धातू लपायला जागाच नसते. ऑपरेशनच्या आधी हे सांगून ठेवावं, म्हणजे दुसऱ्यांदा भूल द्यायची म्हटल्यावर घरात घबराट होत नाही.

वाटी फुटते त्याहून चकवणारा प्रकार म्हणजे ती सरकते.

दहावीतली एक मुलगी, कबड्डी खेळणारी, चढाईत तरबेज. बोनस घेऊन मध्यरेषेकडे वळली. पाय मॅटवर रोवलेला, अंग दुसरीकडे फिरलेलं. कुणी तिला हातसुद्धा लावला नव्हता. ती कोसळली आणि गुडघ्याची पुढची बाजू भलत्याच जागी दिसली, बाहेरच्या अंगाला. कुणीतरी तिचा पाय सरळ केला आणि वाटी आपोआप जागेवर आली. तासा-दोन तासांत गुडघा टम्म फुगला. घरी आंबेहळदीचा लेप झाला. एक्स-रेमध्ये हाडं जागच्या जागी होती, तेव्हा लचक आहे म्हणून पट्टी बांधून दिली गेली. दोन महिन्यांत पुन्हा मैदानात, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर वर्गात बाकावरून उठताना वाटी निसटली. तेव्हा कुठे ती माझ्यापर्यंत आणि पुढे सर्जनपर्यंत पोहोचली.

इथे एक गोष्ट खेळाच्या शिक्षकांनी आणि आई-वडिलांनी मनात पक्की धरावी. दुखापतीनंतर गुडघा पहिल्या काही तासांतच फुगला, तर आत बहुधा रक्त साचलेलं असतं. दुसऱ्या दिवशी हळूहळू येणारी सूज वेगळी. ताबडतोब येणाऱ्या सुजेमागे पुढचं लिगामेंट (मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारा आतला दोर) तुटणं, वाटी सरकणं, हाडाचा तुकडा निघणं असं काहीतरी असण्याची शक्यता मोठी. वाटी सरकून परत आली की एक्स-रे निर्दोष दिसू शकतो. त्या मुलीचा गुडघा जागेवर दिसतोय म्हणून तिला काही झालं नाही, असं समजू नये.

वाटीला आतल्या बाजूनं धरून ठेवणारा एक पातळ पट्टा आहे, डॉक्टर त्याला एमपीएफएल म्हणतात. साधारण साडेपाच सेंटिमीटर लांब. पाय सरळ असताना आणि पहिले ३० अंश वाकेपर्यंत वाटीला सावरायचं मुख्य काम त्याचं. त्याच्या पुढे वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीत उतरते आणि खोबणीच तिला धरते. म्हणून वाटी सरकते ती बहुतेकदा जवळजवळ सरळ पायावर वळताना. वाटी सरकली की हा पट्टा जवळपास प्रत्येक वेळी फाटतो. तरीही पहिल्यांदा सरकली म्हणून लगेच कुणी ऑपरेशन करत नाही, आणि तेच बरोबर आहे. एमआरआयमध्ये कूर्चा-हाडाचा तुकडा सुटून सांध्यात फिरताना दिसला तर गोष्ट वेगळी, तो बसवावा किंवा काढावाच लागतो. एरवी थोडा काळ आधार, मग मांडी आणि कंबरेच्या स्नायूंचा नेटानं व्यायाम. साधारण तिघांतल्या दोघांची वाटी पुन्हा सरकत नाही. राहिलेल्या तिसऱ्याचा प्रश्न असतो, आणि ती तिसरी व्यक्ती बहुतेकदा किशोरवयातली असते.

का? कारण काहींची ती खोबणी मुळातच उथळ असते, काहींची वाटी जरा वर चढून बसलेली असते, काहींच्या नडगीवरचा पट्ट्याचा उंचवटा बाहेरच्या अंगाला असतो. फ्रान्समधल्या लिऑनच्या सर्जननी हे सगळं मोजायच्या रीती घालून दिल्या. खोबणीच्या तळापासून त्या उंचवट्याचं आडवं अंतर २० मिलिमीटरच्या वर गेलं, तर नुसता पट्टा नवा करून भागेल का, याचा विचार करावा लागतो. तेव्हा नडगीवरचं ते हाड कापून आत सरकवून स्क्रूनं बसवायचा पर्याय पुढे येतो. पण वाढीच्या वयातल्या मुलीत हाडाची वाढ होणारी पट्टी अजून उघडी असते, तिथे तो उंचवटा कापता येत नाही. दुखापत सोळाव्या वर्षी होते की बाराव्या, यानं ऑपरेशन बदलतं ते असं.

आमच्या मुलीची वाढ जवळपास पुरी झालेली होती, उंचवट्याचं अंतर हाताबाहेर गेलेलं नव्हतं, खोबणी मात्र उथळ. तिच्या मांडीच्या मागच्या स्नायूचा एक दोर काढून नवा एमपीएफएल बनवला. यात सर्जनची कसोटी कापण्यात नसते, ताण ठरवण्यात असते. मांडीच्या हाडावरचा बिंदू काही मिलिमीटरनं चुकला किंवा दोर जास्त ओढला गेला, तर गुडघा वाकताना तो वाटीला खोबणीत दाबून धरतो. मागची कूर्चा झिजते, वाकणं अडतं, आणि सरकणाऱ्या वाटीच्या जागी दुखणारी वाटी मिळते. फार पूर्वी नव्हे, गेल्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत, वाटीची बाहेरची बाजू दुर्बिणीतून मोकळी करून देणं हे जवळपास प्रत्येक वाटीच्या तक्रारीवरचं उत्तर झालं होतं. निव्वळ तेवढं करून सरकणारी वाटी थांबत नाही, हे पुढे दिसून आलं. आता ते एकट्यानं क्वचितच करतात.

ऑपरेशननंतर तिच्या पायावर पहिला हात ठेवला तेव्हा मांडीचा आतला स्नायू गाढ झोपलेला होता. "दाब खाली" म्हटलं तरी हलेना. तिच्या आईला वाटलं, पोरीनं धीर सोडला. तसं नव्हतं. गुडघ्यात २०-३० मिलिलिटर द्रव जरी साचला, तरी वाटीच्या आतल्या बाजूचा तो स्नायू शरीर आपण होऊन बंद करतं. इच्छाशक्तीचा तिथे संबंध नसतो. सूज उतरवायची, स्नायूवर विजेचे हलके झटके द्यायचे, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती दाबायला लावायची, आणि ज्या दिवशी वाटी मांडीकडे सरकलेली दिसेल त्या दिवशी तिला स्वतःच्या डोळ्यांनी ते दाखवायचं. मग पाय सरळ ठेवून टाच उचलणं, मग उभं राहणं, जिना, एका पायावर बसणं-उठणं. मांडी साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. गादी शिवलेली असती तर मी तिला खोल बसायला आणखी थांबवलं असतं.

दुर्बिणीच्या ऑपरेशनची गोष्ट सांगताना मला हमखास तोक्यो आठवतं. १९१८ मध्ये तिथल्या केंजी ताकागी यांनी मूत्राशय बघायच्या दुर्बिणीतून एका मृतदेहाच्या गुडघ्यात डोकावून पाहिलं. कशासाठी? क्षयानं गुडघा आखडण्याचं प्रमाण तेव्हा मोठं होतं आणि जमिनीवर गुडघे दुमडून बसणाऱ्या समाजात आखडलेला गुडघा म्हणजे घरात, समारंभात, कामात, सगळीकडे माणूस अडणं. रोग लवकर दिसावा, ही त्यांची धडपड. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी ते उपकरण वापरण्याजोगं केलं आणि १९६२ मध्ये दुर्बिणीतून फाटलेल्या गादीचा तुकडा काढला. १९६४ मध्ये ऑलिंपिकच्या निमित्तानं तोक्योला गेलेल्या कॅनडाच्या रॉबर्ट जॅक्सन यांनी ते त्यांच्याकडून शिकून पश्चिमेत नेलं. आज फुटबॉलपटूंचे गुडघे ज्या तंत्रानं दुरुस्त होतात, त्याच्या मुळाशी जमिनीवर बसणाऱ्या माणसांची गरज आहे. आमचे काका जेव्हा मांडीचा प्रश्न संकोचून विचारतात, तेव्हा मी त्यांना हे सांगते. हा प्रश्न लाजण्याजोगा नाही, या शास्त्राच्या सुरुवातीचा आहे.

त्याच दुर्बिणीचा अतिरेकही झाला, हेही सांगायला हवं. २००२ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींचा सांधा दुर्बिणीतून धुतला, काहींचा साफ केला, आणि काहींना फक्त कातडीवर छेद देऊन परत शिवलं. दोन वर्षांनी तिन्ही गटांचं दुखणं सारखंच. २०१३ मध्ये फिनलंडमध्ये झिजेनं फाटलेल्या गादीबाबत तसाच अभ्यास झाला आणि तिथेही खोटं ऑपरेशन खऱ्याच्या तोडीचं ठरलं. पन्नाशीच्या मावशी एमआरआयचा कागद घेऊन येतात, त्यावर गादी फाटल्याचं लिहिलेलं असतं, आणि त्या विचारतात, कधी करायचं? मी त्यांना तीन महिने व्यायाम मागते. गुडघा अडकून बसत असेल, सरळच होत नसेल, तर वेगळं. पण वयानं विरलेल्या गादीचा तुकडा काढून दुखणं थांबत नाही, हे आता अंदाजानं सांगावं लागत नाही. वाटीच्या पुढच्या दुखण्याचंही तेच. "वाटी घासली" असं ऐकून घाबरलेल्या किती मुली आणि बाया नुसत्या मांडीच्या आणि कंबरेच्या व्यायामानं, जिन्याची आणि ओझ्याची वाटणी करून बऱ्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

तुटलेल्या पुढच्या लिगामेंटचं, म्हणजे एसीएलचं, उत्तर एवढं सरळ नाही. वळणं-उड्यांच्या खेळात परत जायचं असेल, गुडघा दगा देत असेल, तर नवा एसीएल बसवणं बहुतेकांच्या हिताचं असतं. पण स्वीडनमधल्या १२१ तरुणांच्या अभ्यासात अर्ध्यांना आधी नुसता व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक दिसला नाही. शेवटी व्यायामाच्या गटातल्या बऱ्याच जणांनी ऑपरेशन करून घेतलं, पण बऱ्याच जणांना लागलंही नाही. तेव्हा शेतावर आणि घरात काम करणाऱ्या, खेळ न खेळणाऱ्या माणसाला घाई करायचं कारण नाही. जो खेळणार आहे, त्यानं मात्र परतायची घाई करू नये. दुसऱ्या ठिकाणाहून काढून बसवलेला दोर जिवंत लिगामेंट व्हायला वेळ घेतो, आणि दीड-दोन महिन्यांनंतर, नेमकं दुखणं थांबून हुरूप येतो तेव्हा, तो सर्वांत कच्चा असतो. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या दर महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण निम्म्यानं घटलं.

मुलं मला ब्राझीलच्या रोनाल्दोचं विचारतात. १९९९ च्या नोव्हेंबरात त्याच्या वाटीखालच्या पट्ट्याला दुखापत झाली, ऑपरेशन झालं. पुढच्या एप्रिलमध्ये तो मैदानात उतरला आणि काही मिनिटांत तोच पट्टा पूर्ण तुटला. पॅरिसमध्ये जेरार साय्यां यांनी पुन्हा शस्त्रक्रिया केली. या खेपेला तो वर्षाहून अधिक काळ थांबला, आणि २००२ च्या विश्वचषकात त्यानं आठ गोल केले. पोरींना मी कुस्तीगीर विनेश फोगाटचं सांगते. २०१६ मध्ये रिओत तिचा गुडघा निखळला, तिला स्ट्रेचरवरून नेलं. दोन वर्षांनी तिनं आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये डाव्या गुडघ्याचं एसीएलचं ऑपरेशन मुंबईत झालं, आणि पुढच्याच वर्षी ती ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली.

पोरींच्या बाबतीत मला जास्त चीड येते ती ऑपरेशनच्या नंतर. मुलग्याचं ऑपरेशन झालं की घर त्याला परत मैदानात घालायच्या तयारीला लागतं. मुलीचं झालं की "आता खेळ बंद" हे न विचारता ठरतं. टाक्यांचे वण लग्नात आड येतील का, हे मला आईनं नव्हे, मामांनी विचारलेलं आहे. व्यायामाच्या वेळी घरी पाहुणे असतात, भाकऱ्या असतात, आणि मग सहाव्या महिन्यात मांडी दुसऱ्या पायापेक्षा अजूनही बारीक का, असं कुणी विचारू नये. ज्या खेळांत मुलगे-मुली सारखेच खेळतात, तिथे मुलींचे एसीएल दुपटीपासून काही खेळांत आठपटीपर्यंत जास्त तुटतात. म्हणजे ज्यांना जपायची जास्त गरज, त्यांनाच व्यायामाचा वेळ कमी.

आणि या दुखापतींतल्या पुष्कळशा टाळता येतात. उडी मारल्यावर दोन्ही पायांवर, गुडघे जरा वाकवून, ते आत एकमेकांकडे पडू न देता उतरायचं. वळताना पाय रोवून अंग पिळण्यापेक्षा छोटी पावलं टाकायची. मांडीच्या मागच्या आणि कंबरेच्या स्नायूंना ताकद द्यायची. वीस मिनिटांचा असा सराव आठवड्यातून दोन-तीनदा नियमानं करणाऱ्या फुटबॉल संघांत दुखापती तीस ते पन्नास टक्क्यांनी कमी झाल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, मॅट की माती यानंही अडत नाही. आमच्या कबड्डी-खो-खोच्या सरावात अजूनही दोन फेऱ्या धावून थेट डाव सुरू होतो.

दहावीतली ती मुलगी आता अकरावीत आहे आणि ऑपरेशनच्या दहाव्या महिन्यात सरावाला उतरली. तिच्या सरांनी तिच्या निमित्तानं अख्ख्या संघाला उतरायची आणि वळायची पद्धत शिकवायला घेतली आहे. शनिवारी सकाळी मी तिथे जाते. रांगेत पंधरा-वीस पोरी, पायऱ्यांवरून एकेक खाली उडी मारते आणि मी त्यांचे गुडघे बघत उभी असते. जिचे आत पडतात, तिला पुन्हा चढायला लावते.